या ससोबा, मेथी घ्या!

थांबा! हातातलं काम बाजूला ठेवा, चहा निवला तर निवू द्या, आधी माझं ऐका! आमच्या परसात ससे आहेत! खरेखुरे! पिंजऱ्यातले नाहीत, दुकानातून आणलेले पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे नाहीत. रानटी, मातकट रंगाचे, उन्हाकडे पाठ करून बसले की कानांतल्या गुलाबी शिरा दिसतात असे ससे! आणि ते आमची मेथी खातात! आणि मला त्याचा राग येत नाहीये! हेच तर सांगायचंय!

आमचं परस म्हणजे अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या एडिसनचं. इथल्या गाड्यांच्या पाट्यांवर 'गार्डन स्टेट' असं छापलेलं असतं. इतकी वर्षं मी ते वाचून नाक मुरडायचे, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात गार्डन म्हणजे खिडकीतला एक कढीपत्ता आणि थंडीत दरवर्षी रुसणारी तुळस. यंदा पहिल्यांदाच मागे अंगण असलेलं घर मिळालं आणि मग मी वाफे केले आणि मग मेथी पेरली, पालक पेरला, लाल माठ पेरला, कोथिंबीर टाकली, घेवडा लावला, लसूण आणि कांदे खोचले, आणि मग मिरची, टोमॅटो, दुधी हे सगळं मे महिन्यातल्या मदर्स डेनंतर, कारण शेजारचे आजोबा कुंपणावरून ओरडून सांगत होते की त्याआधी लावाल तर दहिवर गोठून सगळं मरेल. नवरा म्हणाला, "अगं, ओक ट्री रोडवर मेथीची जुडी मिळते. गाडीने दहा मिनिटं." मिळते! पण तिथे ससा मिळतो का?

एक कबूल करून टाकते. मला यातलं काहीही कळत नाही! मी पोटापाण्यासाठी लोकांचे हिशेब तपासते. ताळेबंद जुळवणं एवढीच माझी विद्या. शाळेत जीवशास्त्राच्या वहीत मी काढलेला बेडूक बाईंनी बटाटा समजून तपासला होता. तेव्हा पुढे जे काही सांगणार आहे ते एका हिशेबनीस बाईने खिडकीला नाक लावून बघितलेलं आणि मग रात्री जागून वाचलेलं आहे. तुम्हीही आता या खिडकीशी. सरका जरा, दोघींना पुरेल एवढी जागा आहे. पडदा हलवू नका!

तो बघा. डँडेलियनपाशी. ते पिवळं फूल येतं ना लॉनमध्ये, ज्याच्या नावाने इथले लोक दातओठ खातात, तेच. सशाने त्याचा देठ बुडाशी कुरतडला, देठाचं टोक तोंडात घेतलं आणि मग शेवई ओढावी तसा तो अख्खा देठ आत जायला लागला, पंजा न लावता, नुसता जबडा हलतोय, देठ आखूड होतोय, आणखी आखूड होतोय, फूल ओठांपाशी आलं, क्षणभर मिशीखाली पिवळं फूल, आणि मग तेही गुडुप! मी टाळ्या वाजवल्या! एकटीच! स्वयंपाकघरात! हातात झारा!

आणि गंमत म्हणजे ते फूल त्याला दिसतच नव्हतं! सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. मागून दबकत येणारं मांजर दिसतं, वर घिरट्या घालणारा ससाणा दिसतो, पण स्वतःच्या नाकासमोरचा घास नेमका दिसत नाही. बरोबर तेवढीच जागा आंधळी! मग तो नाकाने, मिशांनी, ओठांनी चाचपत जेवतो. म्हणून ते नाक सारखं चालू असतं! मी इतके दिवस समजत होते की गोड दिसायला करतो.

या सशाचं नाव ईस्टर्न कॉटनटेल. शेपटी खालून कापसासारखी पांढरी, म्हणून. पूर्ण वाढलेला असला तरी वजन साधारण किलोभर. किलोभरच! आपल्या साखरेच्या पुडीएवढा जीव, आणि अमेरिकेच्या पूर्वेकडच्या निम्म्या भागात ठाण मांडून बसलाय!

आता घेवड्याकडे या. घेवड्याची रोपं वीतभर झाली होती, दोन-दोन पानं फुटलेली, मी रोज सकाळी जाऊन त्यांना बघत होते, आणि मग एका सकाळी नुसते खुंट! पानं नाहीत, शेंडा नाही, ओळीने खुंट! शेजारचे आजोबा आले. इटालियन घराण्यातले, टोमॅटोच्या बाबतीत त्यांचा शब्द अंतिम. वाकले, चष्मा कपाळावर चढवला, एक खुंट बोटाने वळवून बघितला आणि म्हणाले, ससा. हरीण नाही.

कसं कळलं? ऐका हं, हे भारी आहे! खुंटाचा काप तिरका होता. नितळ. एक धागा लोंबत नव्हता. सशाला वर आणि खाली दोन्हीकडे पुढचे धारदार दात, त्यामुळे तो मान कलती करून एका घासात देठ छाटतो. हरणाला वरचे पुढचे दातच नसतात! तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं! वर नुसती कडक हिरडी. मग ते खालचे दात त्या हिरडीवर दाबून हिसडा देतं आणि देठ फाटतो, चिंध्या लोंबतात. म्हणजे खुंट बघून चोर सांगता येतो! तेव्हापासून मी रस्त्याने जाताना लोकांच्या बागांतले खुंट बघते. नवरा चार पावलं पुढे चालतो, ओळख नसल्यासारखा.

दातांवरून आठवलं. सशाच्या वरच्या दोन मोठ्या दातांच्या मागे आणखी दोन बारके दात दडलेले असतात! मागे! का? कुणास ठाऊक, पण आहेत! आणि या बारक्या दातांचा मान मोठा आहे, कारण पूर्वी सशांना उंदीर-खारींच्या गणातच मोजत, आणि मग 1912 साली जेम्स गिडली नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने ठामपणे मांडलं की बाबांनो, यांचा गण वेगळा, यांना उंदरांत बसवू नका. तोवर बिचारे बाप्पाच्या वाहनाचे चुलतभाऊ म्हणून खपत होते. हे मी रात्री एक वाजता वाचलं आणि नवऱ्याला उठवून सांगितलं. त्याने जे उत्तर दिलं ते छापण्याजोगं नाही.

आता मेथी! मेथीची गोष्ट तर मला अजून झोपू देत नाहीये. आमच्या लॉनमध्ये गवतापेक्षा पांढरा क्लोव्हर जास्त. इथे बरेच लोक फवारे मारून तो घालवतात. आम्ही आळशी, त्यामुळे आमच्याकडे भरपूर. ससे संध्याकाळी आधी क्लोव्हर खात बसतात, आरामात, जागेवरून न उठता मान फिरवत, गोलातलं सगळं संपलं की एक उडी आणि पुढचा गोल. तिथून ते हळूहळू सरकत सरकत थेट मेथीच्या वाफ्यात! मी गुडघ्यांवर बसले आणि एका हातात क्लोव्हरचं पान धरलं, दुसऱ्या हातात मेथीचं. तीन पानांचं त्रिकूट! इकडे तीन, तिकडे तीन! मग शोधलं. क्लोव्हर आणि मेथी एकाच कुळातली, घेवडा-वाटाण्याच्या कुळातली, आणि त्या कुळातही एकमेकांच्या अगदी जवळची! म्हणजे सशाच्या दृष्टीने मी त्याच्या नेहमीच्या जेवणाशेजारीच त्याच जेवणाचा जरा कडवट, झणझणीत वासाचा प्रकार वाढून ठेवला होता. तोही रांगेत! पाणी घालून! मग तो खाणार नाही तर काय करणार?

आणि काय खात नाहीत तेही बघा. लसूण? नाक लावलं, पुढे गेले. कांदा? तेच. मिरचीच्या रोपांना तर बगलच दिली. टोमॅटोच्या पानांचा तो उग्र वास, तो त्यांना नको. दुधीचा वेल लवदार, तोही नको. पुदिना नको. अळू आम्ही कुंडीत लावलाय, त्याच्या वाटेला नाहीत, घसा खवखवतो हे त्यांना कुणी सांगितलं? लाल माठ मात्र हवा! कोथिंबीर हवी! पालक हवा! एवढी चवदार यादी तर आमच्या घरातल्या पोरीचीही नाही, तिला पालक दाखवला की ती पोट दुखतंय म्हणते. तिने मात्र शाळेतून बीअट्रिक्स पॉटरचं पीटर रॅबिटचं पुस्तक आणलं, 1902 सालचं, म्हणजे अजूनही पोरं तेच वाचतायत! त्यातला ससा मिस्टर मॅकग्रेगरच्या बागेत घुसतो. आता पोरगी बापाला मिस्टर मॅकग्रेगर म्हणते. बाप खूश नाही.

पण तो इंग्लंडचा ससा बिळात राहतो, जमिनीखाली. आमचे राहत नाहीत! हे उघड्यावरच, झुडपाखाली, उंच गवतात जमीन थोडी दाबून बसतात. घर नाही, दार नाही. त्यांचा सगळा भरवसा दोनच गोष्टींवर, पुतळा होणं आणि पळणं. आधी पुतळा. मी दार उघडलं की ससा जिथे आहे तिथे थिजतो, मान तशीच, अर्धं पान तोंडाबाहेर, आणि मला वाटतं की त्याला वाटतं की तो मला दिसत नाहीये. आणि मग मी एक पाऊल जास्त टाकलं की सूं! नागमोडी, इकडून तिकडे, पांढरी शेपटी चमकतेय, ताशी तीसेक किलोमीटरने! आपण भित्र्या सशाला गोष्टींत इतकी वर्षं हसलो. मला कुणी कोल्ह्यापुढे उभं केलं तर मी पुतळाही होणार नाही आणि पळणारही नाही, मी नुसती किंचाळेन.

कोरेगावच्या काकूंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. काकू म्हणाल्या, "अगं, हे तर पिल्लू दिसतंय! आपल्या शिवारातला ससा केवढा असतो!" खरंच की. आपल्या माळरानावरचा ससा मोठा, लांब तंगड्यांचा, मानेवर मागे काळा पट्टा. त्याची पिल्लं जन्मतःच अंगावर केस घेऊन, डोळे उघडून येतात, थोड्याच वेळात उड्या मारतात. आणि आमच्या कॉटनटेलची? उघडी! आंधळी! अंगठ्याएवढी! म्हणून तर यांना घरटं लागतं.

घरटं! आता आलो मुद्द्यावर! हेच सांगायला मी एवढी धापा टाकत आले!

लॉनच्या बरोब्बर मधे, झुडपात नाही, कोपऱ्यात नाही, जिथून आम्ही रोज कचऱ्याचा डबा ओढत नेतो त्या वाटेच्या कडेला, वाळलेल्या गवताचा एक मळकट ठिपका होता. लॉन वाळलं असेल म्हणून मी वाकले आणि ठिपका हलला! श्वास घेतल्यासारखा वरखाली झाला! मी खालीच बसले. मग एका काडीने, हो, काडीनेच, गवताचं वरचं झाकण जरासं सरकवलं. खाली करड्या केसांची गादी. आणि केसांत चार पिल्लं, एकमेकांवर रचलेली, कान डोक्याला चिकटलेले, कपाळावर एक पांढरा ठिपका! ओंजळभर खड्डा, खोली जेमतेम चार इंच, त्यात चार जीव! आणि ती केसांची गादी कुठून आली म्हणता? आईने स्वतःच्या छाती-पोटाचे केस उपटून अंथरले! स्वतःचे! उपटून! मी झाकण तसंच्या तसं परत ठेवलं आणि घरात येऊन आईला फोन लावला आणि काहीच बोलता येईना. तिकडे पहाटेचे तीन वाजले होते. आईला वाटलं कोणी गेलं.

पण पिल्लांची आई कुठे? दिवसभर खिडकीत बसले. आली नाही! ऊन चढलं, आली नाही! माझा जीव टांगणीला, नवरा म्हणतो सोडून गेली असेल, पोरगी दुधाची बाटली शोधतेय, आणि मग मी वाचायला बसले आणि मग कळलं की ती येतच नाही! दिवसा येतच नाही! पहाटे एकदा आणि तिन्हीसांजेला एकदा, प्रत्येक वेळी फक्त काही मिनिटं. घरट्यावर उभी राहते, पिल्लं खालून दूध पितात, दूध इतकं दाट की तेवढ्यावर त्यांचा दिवस निघतो. मग ती झाकण सारखं करते आणि लांब निघून जाते. कारण पिल्लांना वास जवळजवळ नसतो आणि तिला असतो! ती जवळ बसली तर कोल्ह्याला पत्ता मिळेल. लांब राहणं हीच तिची राखण!

आणि ती येऊन गेली की नाही हे कसं कळणार? त्याची युक्ती ऐका, ही तर मला माझ्या हिशेबतपासणीहून आवडली! घरट्याच्या झाकणावर बारीक काड्या किंवा दोरा फुलीच्या आकारात ठेवायचा. बस्स. दुसऱ्या दिवशी फुली विस्कटलेली पण झाकण नीट दिसलं तर आई येऊन गेली. मी फुली ठेवली आणि रात्रभर तळमळले आणि मग उजाडल्या उजाडल्या गाऊनवरच पळत गेले. विस्कटलेली! काड्या बाजूला! झाकण नीट! आजोबा कुंपणापलीकडे पाणी घालत होते, मी त्यांना मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली.

पुढचं सगळं भराभर झालं. आठवड्याभरात पिल्लांचे डोळे उघडतात, आणि साधारण दोन ते तीन आठवड्यांत ती घरटं सोडतात. मुठीएवढी असताना! मुठीएवढा ससा, एकटा, आमच्या लाल माठाखाली उभा! आणि पिल्लं जाईपर्यंत आईच्या पोटात पुढची खेप वाढत असते, कारण व्यायल्यावर लगेचच ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि गाभणकाळ अवघा 28 दिवसांच्या आसपास. एका मोसमात तीन-चार वेळा, कधी त्याहून जास्त. मग सगळीकडे ससेच ससे का नाहीत? कारण बहुतेकांना पहिलं वर्षही पुरं करता येत नाही. ससाणे आहेत, कोल्हे आहेत, मांजरं आहेत, रस्ते आहेत. चार होती. आता तीन दिसतात. त्याबद्दल मी पोरीला काही सांगितलेलं नाही.

लेंड्यांचंही सांगायला हवं, जेवत असाल तर हा परिच्छेद सोडा. वाटाण्याएवढ्या, गोल, कोरड्या लेंड्या सगळ्या लॉनभर. पण त्याशिवाय एक मऊ प्रकार असतो, तो ससा बाहेर पडू देतच नाही, तिथल्या तिथे खाऊन टाकतो! ई! म्हणजे मीही ई म्हटलं! पण गाय रवंथ करते तेव्हा आपण ई म्हणतो का? एकदा पोटातून जाऊन चाऱ्यातलं सगळं सत्त्व मिळत नाही, म्हणून दुसरी फेरी. काटकसर! हिशेबनीस म्हणून मला हे पटलं. तरी भाजी मात्र आम्ही दोनदा धुतो आणि वाफ्यात हातमोजे घालतो, कारण आजारी रानटी सशापासून माणसाला तुलारेमिया नावाचा आजार होऊ शकतो. वेडेपणा वेगळा आणि निष्काळजीपणा वेगळा.

मग वाटणी केली. आपल्याकडे बांधावरून भावकीत पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात, आमची एका शनिवारी मिटली! अर्ध्या मेथीला आणि सगळ्या घेवड्याला कोंबडीजाळीचं कुंपण. दोन फूट उंच पुरतं, कॉटनटेल त्याहून उंच सहसा जात नाही. भोकं इंचाहून मोठी नकोत, नाहीतर मुठीएवढे पाहुणे आरपार जातात. जाळीची खालची कड चार बोटं मातीत पुरायची, नाहीतर खालून सरपटतात. उरलेली अर्धी मेथी बाहेर, उघडी, त्यांची. क्लोव्हर सगळा त्यांचा. लसूण-कांद्याची रांग सीमेवर. सातबाऱ्यावर नाव आमचं आणि बँकेचं, पण कूळ म्हणून ससे लागलेत! आणि जमा-नावे मांडलं तर घेवड्याच्या काही शेंगा नावे, आणि जमा बाजूला काय काय लिहू? काल तिन्हीसांजेला दोन ससे समोरासमोर बसले, नाकाला नाक, आणि मग एक सरळ दुसऱ्याच्या अंगावर धावून गेला आणि दुसरा जागच्या जागी हवेत उडाला, सरळ वर, दोन फूट तरी! पहिला त्याच्या खालून पार! आणि मग वळून पुन्हा! आणि पुन्हा! हा त्यांचा प्रियाराधनाचा प्रकार म्हणे! आमटी करपली! करपू दे!

आता तुमच्याकडे एक मागणं. तुम्ही जर्सीत असा, शिकागोला असा, टोरांटोला असा, मागे चार हात गवत असेल तर मार्चपासून सप्टेंबरपर्यंत लॉनमोअर सुरू करण्याआधी एकदा पायी फिरून या. वाळलेल्या गवताचा मळकट ठिपका दिसला तर हात लावू नका, पिल्लं उचलू नका, घरात आणून दूध पाजू नका. ती अनाथ नसतात. फुली ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. तेवढा तुकडा दोन-तीन आठवडे कापू नका. शेजारी काही म्हणाले तर त्यांनाही बोलावून दाखवा, लांबून. आणि फुली विस्कटलेली दिसली की मला कळवा! कितीही वाजता!